टिटवीचा पहारा

एका राज्यात उभ्यानं राज्य करायची रीत होती. न्याय करायचा तो उभ्यानं, परराज्याचा वकील भेटायचा तो उभ्यानं, आणि हाती घेतलेलं काम तडीस गेल्याखेरीज राजानं सिंहासनाला पाठ टेकायची नाही. सिंहासन सोन्याचं होतं, गादी मखमलीची होती, पण दिवस मावळेपर्यंत तिच्यावर बसायची ती फक्त धूळ. का, म्हणून विचाराल तर कुणालाच सांगता यायचं नाही. वाडवडील असंच करत आले, एवढं म्हणून लोक मोकळे व्हायचे.

त्या राज्याची राणी सगुणावती. बापामागं गादीवर आली. घोड्यावर मांड अशी की बघणाऱ्यानं बघत राहावं, आणि चालायला लागली की मागची माणसं पळायला लागायची. पण ती सगुणावती वेगळी. आपली गोष्ट आहे ती त्याच राणीची, पण दुखण्यानंतरच्या सगुणावतीची, जी सकाळी डोळे उघडायच्या आधी पडल्या पडल्या विचार करायची, आज पाय जमिनीला लागला की काय होईल?

झालं होतं असं. खिंडीत लढाई झाली. पलीकडच्या राजाचे तिरंदाज कड्यावर दबा धरून बसले होते. राणी सगळ्यांच्या पुढं. एक बाण आला तो कमरेत रुतला. राणी पडली, पण खिंड राहिली. पुढं बाण काढला, घाव भरला, व्रण सुपारीएवढा उरला. तह झाला. पलीकडची माणसं मीठ विकायला इकडं येऊ लागली, इकडच्या पोरी तिकडं नांदायला गेल्या. सगळं निवळलं. दुखणं तेवढं राहिलं.

दुखणं तरी कसलं! पायरी चढली की कमरेत विस्तव. पायरी उतरली की विस्तव. कुशीवर वळली, शिंकली, लुगड्याची निरी जरा घट्ट झाली, की टाचेपर्यंत कळ. आणि ही कळ एकटी यायची नाही. ती येईल म्हणून आधीपासून जीव मुठीत, नि ती गेली की पुन्हा येईल म्हणून धाकधूक. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, मग राणीनं वर्षं मोजणं सोडून दिलं.

राजवैद्य आले. त्यांनी व्रण दाबून पाहिला, नाडी पाहिली.

"राणीसाहेब, घाव भरला आहे. हाड जुळलं आहे. दुखण्याजोगं आत काही उरलेलं नाही."

"मग दुखतं ते काय?" राणीनं विचारलं.

वैद्यबुवा भले माणूस, त्यांनी लेप उगाळायला घेतला. लेप झाले, शेक झाले, तापल्या सळईचे डाग झाले. अफूची गोळी झाली, मग दोन झाल्या. त्या बाणाच्या टोकात पलीकडच्या राजाचा तांबडा खडा होता, तो खजिन्यात ठेवलेला. खडा शापित आहे असं कुणीसं म्हणालं, तर तो जहाजातून नेऊन भर समुद्रात टाकला. मासे काय ते शापित झाले असतील. राणीला उतार नाही.

माणसं तोंडावर बोलत नसत, पण राणीला काय कान नव्हते? घाव भरला म्हणे, तरी कण्हते. राज्याची जबाबदारी नको झाली असेल. असं कुजबुजायचं, नि समोर आली की लवून मुजरा करायचा. राणीनं मग कण्हणंही सोडलं. दरबारात ती खांबासारखी उभी राहायची, ओठ दाताखाली धरून, आणि महालात आली की भिंतीला धरून खाली घसरायची.

तिचा नवरा रणधीर सेनापती होता. माणूस प्रेमळ, पण भिऊन गेलेला. एकदा त्यानं लाडानं कमरेवर हात ठेवला तर राणी किंचाळली. त्या दिवसापासून त्यानं बिछाना दुसऱ्या दालनात नेला. "तुला त्रास नको," म्हणाला. राणी म्हणाली, "बरं." दोघंही आपापल्या दालनात छताकडं बघत पडायची.

इथवर दुखणं एकट्या राणीचं होतं. पण त्या राज्याचं पाणी डोंगरावरच्या मेघतळ्यात असे, आणि तळ्याचं दगडी दार उघडायचं चाक राजघराण्याच्या हाताखेरीज कुणाच्याही हातानं फिरत नसे. हत्ती जुंपले तरी नाही. दर वैशाखात राजानं वर जायचं, चाकाला हात घालायचा नि उभ्या दमात पुरं फिरवायचं. मग पाणी पाटानं खाली यायचं नि गावोगावची तळी भरायची. चाकाच्या शेजारी एक दगडी बैठक होती आणि एक शेंदूर फासलेली भली मोठी खुंटी. बैठक मूळ पुरुषाची, खुंटी त्याचा देव, असं लोक मानत. बैठकीवर फुलांचा ढीग पडे, खुंटीला नारळ फुटे.

आधीची सालं राणीनं ओठ चावून निभावली. गेल्या वैशाखात तिनं चाक फिरवायला घेतलं. अर्ध्यावर गेली नि कमरेतून असा जाळ उठला की डोळ्यांपुढं अंधार. ती कोसळली, चाक गरगर उलटं फिरलं, दार धाडकन बंद झालं. त्या साली विहिरींवर भागवलं. आता विहिरी तळाला गेल्या होत्या. यंदा दार उघडलं नाही तर देश सोडावा लागणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. काहींनी तर बैलगाड्या जुंपल्याही होत्या. राणीला मूलबाळ नव्हतं. दुसरा हात नव्हता.

थंडीचे दिवस होते. राणी सज्जात उभी राहून त्या जाणाऱ्या गाड्या पाहत होती. रणधीर मागं येऊन उभा राहिला, हातभर अंतरावर.

"सगुणा, एक विचारू? खिंडीत तू पडलीस तेव्हा रक्त थांबेपर्यंत तुझ्या उशाशी भुजंगनाथ मांत्रिक बसले होते. सगळ्यांना विचारून झालं. त्यांना कधी विचारलंच नाही."

"ते फार तिरसट आहेत म्हणतात."

"असू देत. गोड बोलणाऱ्यांनी काय केलं?"

पालखी निघाली, रणधीर बरोबर. तीन दऱ्या ओलांडायच्या, आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याची राणीच्या कमरेशी गाठ पडली. भुजंगनाथाचा आश्रम एका वडाखाली होता. नाथ मोठा जादूगार. वाघ त्याच्या अंगणात येऊन पाणी पिऊन जायचे, नि पावसाला थांब म्हटलं तर तो कुंपणापलीकडं थांबायचा. राणी पालखीतून उतरली ती कशीबशी. नाथानं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"फार दुखतं," तो म्हणाला.

बस, इतकंच. विचारलं नाही, सांगितलं. आणि ती राणी, जी भर दरबारात ओठ चावून उभी राहायची, ती त्या परक्या अंगणात हमसून हमसून रडली. इतक्या वर्षांत कुणी तिला खरं मानून बोललंच नव्हतं.

रडू ओसरल्यावर नाथ बोलला, "घाव भरला हे खरं. दुखतं हेही खरं. तुझ्या व्रणात टिटवी आहे. मीच बसवली."

"तुम्ही?" राणी ताडकन उठू गेली नि तिथंच कळवळली. "कुणाच्या हुकमानं?"

"तुझ्या. शत्रू कड्यावर, तू खाली, जीव जातो का राहतो. तू माझं मनगट धरलंस नि म्हणालीस, पुन्हा कुणी जवळ आलं तर मला जागं करा. टिटवीएवढी जागी जात दुसरी नाही. मी बोलावली. तू आपल्या हातानं तिला पहाऱ्याचा विडा दिलास. तिनं उचलला. त्या संध्याकाळी शत्रू परत आला होता, आठवतं? ती ओरडली, तू जागी झालीस, म्हणून वाचलीस."

"मग आता काढा तिला. उपटून काढा!"

"ज्यानं विडा दिला त्यानंच परत घ्यायचा. तुझ्याच राज्याचा कायदा. आणि तू ती आत आहे हेही न बघता इतकी वर्षं तिला मारायला माणसं पाठवतेस. डाग दिलेस, अफू पाजलीस. तिला काय वाटलं असेल? शत्रू आहे, आणि तो आत शिरू बघतोय. मग ती आणखी ओरडली. तिचं ओरडणं तीच तुझी कळ."

"तीन कामं सांगतो," नाथ म्हणाला. "केलीस तर पहारा सुटेल. पहिलं, ही तांब्याची घागर. ओढ्यावरून भरून या वडाच्या बुंध्याशी आणून ओत. वाटेत हवं तिथं टेक, हवं तितक्यांदा टेक. पण टिटवी ओरडायच्या आत टेकायचं. ओरडल्यावर टेकलीस तर ते पाणी मी धरणार नाही."

राणीला हसू आलं. खिंड लढवलेल्या बाईला पाणक्याचं काम! तिनं घागर भरली, चालू लागली. निम्म्या वाटेवर कळ आली. तिनं ओठ चावले, जशी सवय होती तशी, नि वडापाशी येऊन घागर ठेवली. चेहरा पांढराफटक. नाथानं पाणी वासरापुढं ओतलं.

"वाया गेलं."

"पण आणली ना!"

"ओरडत होती तरी आणलीस. पहारेकरी शत्रू आला म्हणतोय नि राजा कान झाकून पुढं चाललाय. असा राजा असला की पहारेकरी दुसऱ्या दिवशी दुप्पट ओरडतो."

तसंच झालं. मग एक दिवस असा उजाडला की राणीला अंग हलकं वाटलं. काय सांगावं तो आनंद! तिनं घागर आणली, ओतली, दुसरी आणली, तिसरी आणली, आश्रमातल्या हौदालाही पाणी भरलं, तुळशीला घातलं, म्हशी धुतल्या. टिटवी गप्प होती. रणधीर टाळ्या पिटत होता. आणि दुसऱ्या दिवसापासून पुरा पंधरवडा राणी खाटेवरून उठली नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मला हे जमणार नाही, मी थकले, मला घरी न्या, असं म्हणाली.

नाथानं खाटेपाशी बसून शेंगा फोडल्या. "चांगल्या दिवसानंच फसवलं," म्हणाला. "वाईट दिवस बिचारे साधे असतात. त्यांचं कळतं तरी."

पंधरवड्यानंतर राणी उठली. घागर घेतली नाही, गडू घेतला. ओढ्यापासून पहिल्या खडकापर्यंत गेली, कमरेत काही झालं नव्हतं, तरी बसली. आणि खरं दुखलं ते तेव्हा. उभ्यानं राज्य करणाऱ्या घराण्यातली ती, धुळीत बसलेली, शेळ्या येऊन तोंड बघून जात होत्या. लाजेनं कान तापले. पण बसली. उठली, दुसऱ्या खडकापर्यंत गेली, बसली. काही दिवस दोन खडक झाले, काही दिवस एकच झाला. कधी आभाळ भरून यायचं नि कालचं आज जमायचं नाही. गडूचा तांब्या झाला, तांब्याची कळशी झाली. फार कंटाळवाणं काम. सांगणाऱ्याला कंटाळा येतो, करणारीला किती आला असेल! शेवटी थंडी सरता सरता एका दुपारी वडाच्या बुंध्याशी भरली घागर ओतली गेली, आणि टिटवी वाटेत एकदाही ओरडली नाही. वडानं पानं सळसळवली नि म्हणाला, "गार आहे." झाड बोललं याचं तिथं कुणाला नवल वाटलं नाही.

"दुसरं काम," नाथ म्हणाला. "तिची वर्दी ऐक."

वर्दीची शिस्त राणीला पाठ होती. पहारेकरी उतरला की ज्यानं पहारा लावला त्यानं विचारायचं, काय पाहिलंस? आणि त्यानं सांगितलेलं सगळं ऐकायचं, मधे तोंड घालायचं नाही. वर्दी ऐकल्याखेरीज पहारा बदलत नाही. सगळ्या सैन्याला ही शिस्त राणीनंच लावली होती. घरच्या पहाऱ्याला लावायची मात्र राहून गेली.

सकाळच्या उन्हाकडं पाठ करून ती बसली. व्रण उघडा केला. रणधीर थोडा लांब, पायरीवर.

"काय पाहिलंस?" राणीनं विचारलं.

व्रणातून टिटवी बाहेर आली. आधी चोच, मग डोळ्यांपुढची लाल झालर, मग लांब पिवळे पाय. अंगणात उभी राहिली, अंग झाडलं, मान ताठ केली. डाव्या पंखाखाली वाळून काळा पडलेला विडा होता.

"राणीसाहेब, वर्दी. त्या संध्याकाळी कड्यावरून शत्रू उतरला. ओरडले. आपण जाग्या झालात. दुसऱ्या सकाळी पालखी हलली. शत्रू असावा. ओरडले. मग एक पायरी आली. शत्रू असावा. ओरडले. मग गादी..."

"अगं, गादी म्हणजे—"

"मधे बोललीस," नाथ म्हणाला. "आता पहिल्यापासून."

टिटवीनं पुन्हा मान ताठ केली. राणीसाहेब, वर्दी. कडा, पालखी, पायरी, गादी. दुसरी पायरी. शिंक. निरीची गाठ. प्रधानजींचा खोकला, कारण त्यावेळी राणीसाहेबांचं अंग आखडलं म्हणून. सळई, तापलेली, हा नक्की शत्रू. गोळी, कडू, हा छुपा शत्रू. थंड वारा. उद्याच्या दरबाराचा नुसता विचार. तळ्यावरचं चाक. एकेक पायरी, एकेक शिंक, सगळी तिला आठवत होती. राणीला आधी हसू येत होतं, मग संताप आला, मग तो दमून गेला. ऊन डोक्यावर आलं, पलीकडं कललं. राणी ऐकत राहिली.

"मग एक हात. कमरेवर. सेनापतींचा. ऊबदार होता. तरी शत्रू असावा. ओरडले."

पायरीवर बसलेल्या रणधीरनं तोंड दोन्ही हातांत लपवलं.

दिवस मावळतीला टिटवी आजपर्यंत आली. "वर्दी संपली," म्हणाली, आणि उभ्या उभ्या तिचे पाय लटपटले.

राणीनं तेव्हा तिला नीट पाहिलं. पिसं विस्कटलेली, डोळे तांबारलेले. केवढंसं पाखरू ते.

"तू कधीपासून निजली नाहीस?"

"विडा घेतल्यापासून, राणीसाहेब."

"अगं, मग निजायचंस ना गं."

"पहारा बदलला नाही."

इतकी वर्षं जिला शिव्या दिल्या, जिच्या नावानं तळतळाट केला, ती हिच्यासाठीच जागत बसली होती. "मीही दमले बघ," राणी म्हणाली. एवढं बोलून ती टिटवीशेजारी जमिनीवरच आडवी झाली. टिटवी मात्र उभीच राहिली.

"आता तिसरं काम," नाथ म्हणाला. "शत्रू गेला, ते तिला नेऊन दाखव."

खिंडीत जायचं होतं. राणी म्हणाली पालखी नको. चालत निघाली, बसत बसत, वाटेतल्या दगडांशी ओळख करत. रणधीर बरोबर, नि टिटवी पुन्हा व्रणात. वैशाख तोंडावर आलेला, पण घाई केली की काय होतं ते आता कळलं होतं. खिंडीच्या तोंडाशी पोचली नि टिटवी जी ओरडायला लागली, की राणीच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा. पाय मागं वळू बघत होते.

"परत जाऊ या," रणधीर म्हणाला.

"थांबा. मी तिच्याशी बोलते." राणी एका दगडावर टेकली. "काय दिसतं?"

"बाण!"

"नीट बघ. माझ्या डोळ्यांनी बघ."

टिटवीनं व्रणातून मान काढली. "बोरीचे काटे," जरा वेळानं म्हणाली.

"पुढं?"

"कड्यावर माणसं. दबा धरून!"

"नीट बघ."

"शेळ्या," टिटवी म्हणाली. "आणि एक म्हातारी, बोरं वाळत घालतेय."

म्हातारी पलीकडच्या राज्यातली होती. तिनं इकडं पाहिलं, दगडावर डोळे पुसत बसलेली बाई दिसली, राणी असेल असं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. पदरात मूठभर बोरं घेऊन खाली आली.

"उन्हाचं चालू नये गं बाई. घे, खा. कंबर धरली का? माझीही धरते." बोरं हातावर ठेवली नि आपल्या वाटेनं निघून गेली.

राणीनं एक बोर तोंडात टाकलं. आंबट होतं. मग ती उठली, आपण जिथं पडलो होतो त्या जागी जाऊन उभी राहिली. तिथं गवत होतं. कंबर दुखत होती, पण तो जाळ नव्हता, नुसतं दुखणं होतं, दूर चालून आलेल्या माणसाचं दुखतं तसं.

"टिटवे, खिंड राखली गेली. शत्रू गेला. तुझी वर्दी मी ऐकली. विडा दे."

टिटवी बाहेर आली. काळा पडलेला विडा तिनं राणीच्या हातावर ठेवला. हात लागताच त्याची माती झाली.

"आता मी काय करू?" तिनं विचारलं. पोरकी झाल्यासारखा आवाज.

"निजायचं. पोटभर. जाग आली तर चरायला जायचं. आणि खरंच काही आलं तर सांगायचं. हळू आवाजात सांगितलंस तरी चालेल, मी ऐकत जाईन."

टिटवी तिथंच एका पायावर उभी राहिली, चोच पंखात खुपसली नि निजली. रणधीरनं राणीकडं पाहिलं. राणीनं मान हलवली. त्यानं भीत भीत हात तिच्या कमरेवर ठेवला. टिटवीनं एक डोळा उघडला, हात पाहिला, डोळा मिटला. ती दोघं तशीच उभी राहिली बराच वेळ, नि मग रणधीर लहान पोरासारखा रडला.

वैशाखाच्या पुनवेला मेघतळ्यावर अवघा देश गोळा झाला. बैलगाड्या जुंपून ठेवलेल्याच होत्या, दार उघडलं नाही तर तशाच सीमेपलीकडं न्यायच्या म्हणून. राणी डोंगर चढून आली. कशी चढली ते लोकांना माहीत नव्हतं. ती आदल्या दिवसापासूनच चढत होती.

बैठकीवर फुलांचा ढीग, खुंटीवर ताजा शेंदूर. राणीनं चाकाला हात घातला. चाकानं हात ओळखला. ते कुरकुरलं, फिरू लागलं, दाराखालून पाण्याची चिळकांडी उडाली. निम्म्यावर गेलं नसेल तोच व्रणात परतलेली टिटवी हळूच म्हणाली, "राणीसाहेब, वर्दी. हात भरून आले. कंबर दमतेय. शत्रू कुणी नाही."

"ऐकलं," राणी म्हणाली.

पण सोडायचं कसं? हात काढला तर चाक उलटं फिरणार, गेल्या सालासारखं. तिनं इकडंतिकडं पाहिलं. आणि तेव्हा तिला ती खुंटी दिसली. रोजची, शेंदराची, नारळाची. चाकाला भोकं होती, खुंटीच्या जाडीची. एकेका टप्प्यावर एकेक. तिनं खुंटी जागेवरून उपसली, भोकात घातली. नेमकी बसली. चाक जागच्या जागी थांबलं.

"राणीसाहेब!" प्रधान हरदेव ओरडले. म्हातारे, करडे, जन्मभर उभे. "तो देव आहे!"

"देवच आहे, प्रधानजी. इतकी वर्षं त्याला त्याचं काम कुणी करू दिलं नाही."

मग राणी त्या दगडी बैठकीकडं वळली. दोन्ही हातांनी फुलं बाजूला केली. खाली दगड बसून बसून गुळगुळीत झालेला, माणसाच्या बैठकीचा खळगा पडलेला. अवघ्या देशादेखत, काम अर्ध्यावर असताना, राणी सगुणावती खाली बसली.

दारातून पाण्याची एक धार लागली होती, तिचा तेवढा आवाज.

"रीत मोडली," प्रधान पुटपुटले.

"रीत ही आहे, प्रधानजी," राणी म्हणाली. "हा खळगा उभ्या माणसानं पाडलेला नाही. मूळ पुरुष इथं बसायचा. दर खुंटीला बसत असेल. तोही थकत असेल. आपण त्याच्या बसण्याची पूजा केली नि बसायचं विसरलो."

ती बसली. घोटभर पाणी प्याली. दम खाऊन उठली, चाक फिरवलं, टिटवी बोलायच्या आत खुंटी घातली, पुन्हा बसली. सकाळची दुपार झाली. शेवटच्या भोकात खुंटी बसली तेव्हा दार पुरतं उघडलं होतं, नि पाटातून पाणी असं निघालं की खालच्या गावांतली पोरं त्याच्यापुढं पळत सुटली. माणसांनी बैल सोडले. गाड्या तिथंच उभ्या राहिल्या.

प्रधानजी अजून उभेच होते. त्यांनी एकदा राणीकडं पाहिलं, एकदा पाण्याकडं. मग गुडघ्यावर हात ठेवला नि "आई गं" म्हणत पायरीवर बसले. कित्येक वर्षांचं "आई गं" होतं ते. त्यांच्या मागं सरदार बसले. पाठीला पट्टा बांधून येणारा भालदार बसला. राजवैद्य बसले, त्यांनाही म्हणे कित्येक वर्षं टाचेचा त्रास होता. उभ्याच्या उभ्या दरबारानं एकदम हुश्श केलं, आणि कुणाचं कुठं दुखतं ते जो तो शेजाऱ्याला सांगू लागला.

पहारा सुटला, राज्य रांगेला लागलं. सिंहासनावर बसून न्याय होऊ लागला, आणि बसल्यानं तो काही वाईट झाला नाही. राणी घोड्यावर पुन्हा बसली, थोडं दौडून उतरायची. थंडीवाऱ्यात टिटवी अजून कधी कधी ओरडते. मग राणी कामात असली तरी थांबते, विचारते, काय पाहिलंस, नि सगळं ऐकून घेते. रणधीरचा बिछाना परत आपल्या जागी आला आहे.

खुंटी चाकाला लागली, राणी बैठकीला टेकली, पाणी पाटाला मिळालं, नि टिटवी आपल्या पंखात चोच घालून निजली. तशी ती तुमची-आमची, दमल्याभागल्या सगळ्यांची निजो.